डेटाबेसची चावी कुणाकडे? युजर, ग्रुप आणि परवानग्या, सोप्या मराठीत

(हा एपिसोडचा लेखी भाग. ऐकताना कमांड निसटतात असं बऱ्याच जणांनी कळवलं, म्हणून सगळं बोलणं इथे उतरवलंय. कमांड मी जशा उच्चारते तशाच देवनागरीत लिहिल्यात. टाइप करताना त्या इंग्रजी अक्षरांत करायच्या, टेबलांची नावंसुद्धा.)

[००:००] सुरुवात

मी बोलतेय मोखाडा तालुक्यातल्या सूर्यमाळहून. मागे वाऱ्याचा घोंघाट ऐकू आला तर सांभाळून घ्या, इथे माळावर त्याला अडवणारं फारसं काही नाही.

मी छोट्या संस्थांचे डेटाबेस बघते. शाळा, दवाखाने, बचत गटांचे फेडरेशन, असं. आणि प्रत्येक ठिकाणी एक प्रश्न हमखास येतो: "मॅडम, नवीन माणूस आलाय, त्याला ॲक्सेस द्या ना." आता ॲक्सेस म्हणजे नक्की कशाचा? बघायचा, भरायचा, बदलायचा, की पुसायचा? आणि तो माणूस उद्या बदली होऊन गेला की काय? आज हेच समजून घेऊ. उदाहरणं पोस्टग्रेसमधली आहेत, कारण ते फुकट मिळतं आणि शिकायला बरं. मायएसक्यूएलवाल्यांसाठी शेवटी वेगळं सांगते.

[०१:१०] आधी बोहाडा

जव्हार-मोखाड्याकडची मंडळी लगेच ओळखतील. आपल्याकडे बोहाडा होतो. रात्री संबळ वाजतं आणि एकेक सोंग आखाड्यात येतं. गणपतीचं येतं, रावणाचं येतं. मुखवट्याच्या आत कोण आहे हे गावाला माहीत असतं. तरी मुखवटा चढला की लोक नमस्कार करतात तो सोंगाला. सोंग उतरलं की तोच माणूस आपल्या शेजारी बसून चहा पितो, आणि तेव्हा त्याच्या पाया कुणी पडत नाही.

डेटाबेसमधला ग्रुप म्हणजे हे सोंग. मान, अधिकार, काय करायचं आणि काय नाही, हे सगळं सोंगाला ठरलेलं. माणूस ते चढवतो आणि उतरवतो. पुढच्या वर्षी दुसरा माणूस तेच सोंग घेतो, सोंगाचे नियम नव्याने लिहावे लागत नाहीत.

जमिनीच्या नोंदीतही हेच आहे. फेरफाराची नोंद तलाठी घेतो आणि ती प्रमाणित करतो मंडळ अधिकारी. म्हणजे नोंद घेणारा एक आणि तिच्यावर शिक्कामोर्तब करणारा दुसरा. तलाठी बदलला म्हणून हा नियम बदलत नाही. अधिकार पदाला आहे, आणि पदावर आज कोण बसलंय ही वेगळी नोंद.

[०२:४०] चार शब्द पक्के करू

युजर म्हणजे लॉगिन करणारा माणूस, किंवा कधीकधी एखादं ॲप.

प्रिव्हिलेज म्हणजे परवानगी. टेबलवरच्या मुख्य परवानग्या चार: सिलेक्ट म्हणजे बघणं, इन्सर्ट म्हणजे नवीन नोंद भरणं, अपडेट म्हणजे असलेली बदलणं, डिलीट म्हणजे पुसणं.

ग्रँट म्हणजे परवानगी देणं. रिव्होक म्हणजे काढून घेणं.

आणि रोल. पोस्टग्रेसमध्ये पूर्वी युजर आणि ग्रुप या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. २००५ साली आलेल्या ८.१ आवृत्तीपासून दोन्ही एकच झाल्या, त्याचं नाव रोल. ज्या रोलला लॉगिन करता येतं त्याला आपण युजर म्हणतो. ज्याला लॉगिन नाही पण ज्यात इतर रोल सभासद आहेत, तो ग्रुप. फरक एवढाच. म्हणून जुन्या पुस्तकात "क्रिएट ग्रुप" दिसलं तर गोंधळू नका, ती कमांड आजही चालते आणि रोलच बनवते.

ग्रँट-रिव्होकची कल्पना तशी जुनी आहे. आयबीएमच्या सिस्टम आर या प्रयोगात १९७० च्या दशकात ती आली. कामानुसार अधिकार ही पद्धत १९९२ साली अमेरिकेत फेरायोलो आणि कून यांनी नीट मांडली, आणि एसक्यूएलच्या १९९९ च्या मानकात रोल आले.

[०४:१५] आता खरं उदाहरण: आश्रमशाळा

समजा आपल्या भागातल्या एका निवासी आश्रमशाळेसाठी डेटाबेस करायचाय. टेबलं आठ: विद्यार्थी, पालक, हजेरी, गुण, सुट्टी, कोठी, आरोग्य, कर्मचारी. सुट्टी म्हणजे कोणतं मूल कधी आणि कुणाबरोबर घरी गेलं. कोठी म्हणजे धान्य-किराण्याचा साठा. डेटाबेस वापरणारी माणसं २५ धरू.

प्रत्येक माणसाला प्रत्येक टेबलसाठी वेगळं ठरवायला बसलात तर २५ गुणिले ८, म्हणजे २०० निर्णय. आणि मे-जूनमध्ये बदल्या झाल्या की त्यातले बरेच पुन्हा. कुणीही हे करत नाही. मग दोनपैकी एक होतं. एक तर सगळ्यांना सगळं देऊन टाकतात. नाही तर एकच लॉगिन करतात आणि सगळे तेच वापरतात. एका ठिकाणी मी पासवर्ड कागदावर लिहून कपाटाच्या दारावर चिकटवलेला पाहिलाय. साठ्यातली एक नोंद बदलली होती, आणि कुणी बदलली हे शोधायचा काही मार्ग नव्हता. लॉगमध्ये सगळीकडे एकच नाव.

आता ग्रुप करून बघू. कामं किती? शिक्षक, अधीक्षक, कोठी, आरोग्य, मुख्याध्यापक. पाच. पाच गुणिले आठ, जास्तीत जास्त ४० निर्णय, आणि वर कोण कुठल्या ग्रुपमध्ये याच्या २५ नोंदी. ४० निर्णय एकदाच घ्यायचे, शांतपणे, कागदावर. नंतर बदलतात त्या फक्त २५ नोंदी, त्याही एकेका ओळीच्या.

[०६:००] कमांड

आधी ग्रुप:

क्रिएट रोल शिक्षक नोलॉगिन;

मग ग्रुपला परवानग्या:

ग्रँट सिलेक्ट ऑन विद्यार्थी टू शिक्षक;
ग्रँट सिलेक्ट, इन्सर्ट ऑन हजेरी टू शिक्षक;
ग्रँट सिलेक्ट, इन्सर्ट, अपडेट ऑन गुण टू शिक्षक;

बघा, हजेरीवर अपडेट दिलेलं नाही. एकदा लागलेली हजेरी शिक्षकाने परस्पर बदलायची नाही, चूक झाली तर मुख्याध्यापकांकडून दुरुस्त करून घ्यायची. तलाठी आणि मंडळ अधिकाऱ्याचीच गोष्ट.

आता माणूस. समजा सविता मॅडम रुजू झाल्या:

क्रिएट रोल सविता लॉगिन;
ग्रँट शिक्षक टू सविता;

पासवर्ड "बॅकस्लॅश पासवर्ड सविता" असं देऊन सेट करा, म्हणजे तो कमांडच्या इतिहासात उघडा राहत नाही. झालं. मॅडमची बदली झाली की:

रिव्होक शिक्षक फ्रॉम सविता;
ऑल्टर रोल सविता नोलॉगिन;

एक सूचना. नोलॉगिन केल्याने नवीन लॉगिन बंद होतं, पण आधीपासून उघडं असलेलं सेशन आपोआप तुटत नाही. ते वेगळं बंद करावं लागतं.

ग्रुपमध्ये ग्रुपही घालता येतो. मुख्याध्यापकांना शिक्षक आणि अधीक्षक या दोन्ही ग्रुपांचे अधिकार लागतात, तर "ग्रँट शिक्षक, अधीक्षक टू मुख्याध्यापक" म्हणायचं. हजेरी दुरुस्त करायचं अपडेट तेवढं मुख्याध्यापक ग्रुपला वेगळं द्यायचं. आणि शिक्षकांना ग्रुपमध्ये घेण्या-काढण्याचं काम त्यांनीच करावं असं वाटत असेल तर शेवटी "विथ ॲडमिन ऑप्शन" जोडायचं. दर बदलीला माझ्यासारखीला फोन करायची गरज नाही, रेंज असो-नसो.

[०८:२०] आरोग्याचं टेबल: इथे खरी परीक्षा

आता जरा नीट ऐका, कारण हा एपिसोड मी यासाठीच केलाय.

१ जुलै २०२३ ला देशात सिकलसेल ॲनिमिया निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. आदिवासी भागातल्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट आहे. आपल्या भागातल्या मुलामुलींची तपासणी होते, आणि ती व्हायलाच हवी. निकाल साधारण तीन प्रकारचे: नाही, वाहक, आणि रुग्ण. वाहक म्हणजे सहसा ठणठणीत माणूस. अडचण येते ती नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर. मग प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून ही माहिती त्या मुलीला आणि तिच्या घरच्यांना नीट समजावून सांगायला हवी.

पण तीच माहिती पाड्यावर अर्धवट पोचली तर? "तिला काहीतरी आहे म्हणे." झालं. वाहक आणि रुग्ण यातला फरक समजावून सांगायला तिथे कुणी नसतं. सोयरीक मोडायला एवढं वाक्य पुरतं. आणि ही माहिती फुटायला हॅकर लागत नाही. कोठीचा हिशेब बघायला बसलेल्या माणसाच्या स्क्रीनवर आरोग्याचं टेबलही उघडतं, एवढं पुरे.

म्हणून आरोग्य टेबल फक्त आरोग्य ग्रुपला. मुख्याध्यापकांनाही नाही. साहेब मोठे आहेत म्हणून सगळं दिसलं पाहिजे, असं काही नसतं. कामाला लागतं तेवढंच द्यायचं.

तुम्ही म्हणाल, पण शिक्षकाला काहीच माहीत नसेल तर? सिकलसेलच्या मुलाला पाणी कमी पडून चालत नाही, अति दमवून चालत नाही, आणि सूर्यमाळची थंडी तुम्हाला माहीतच आहे. बरोबर. त्यासाठी व्ह्यू करायचा. व्ह्यू म्हणजे टेबलला पाडलेली खिडकी, हवे तेवढेच कॉलम दाखवणारी. "काळजी" नावाचा व्ह्यू करा: मुलाचं नाव, इयत्ता, आणि सूचना. "पाणी वारंवार द्यावे, खेळाच्या तासाला दम लागला तर बसू द्यावे, थंडीत गरम कपडे." निकालाचा कॉलम त्यात नाही. मग:

ग्रँट सिलेक्ट ऑन काळजी टू शिक्षक;

पोस्टग्रेसमध्ये व्ह्यू, वेगळं काही सांगितलं नसेल तर, आपल्या मालकाच्या परवानगीने टेबल वाचतो. त्यामुळे शिक्षकाला मूळ आरोग्य टेबलवर काहीही न देता व्ह्यू दिसतो. अशा सूचना दम्याच्या, फिट येणाऱ्या मुलांसाठीही त्याच यादीत असू द्या, म्हणजे यादीत नाव दिसलं की सिकलसेल, असा अंदाज कुणी बांधणार नाही.

कोठीचंही तसंच. स्वयंपाकाला आज किती मुलं एवढा आकडा लागतो, नावं लागत नाहीत. तेव्हा आकड्याचा व्ह्यू द्या, हजेरीचं टेबल नको.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहिती सुरक्षित ठेवण्यात कसूर झाली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण माझ्या मते त्या एका मुलीचं कारण पुरेसं आहे.

[११:३०] लोक अडकतात त्या जागा

एक. परवानग्यांची बेरीज होते, वजाबाकी होत नाही. पोस्टग्रेसमध्ये "याला मनाई" अशी कमांड नाही. एसक्यूएल सर्व्हरमध्ये डिनाय आहे, इथे नाही. एखादी व्यक्ती शिक्षक आणि आरोग्य दोन्ही ग्रुपमध्ये असेल तर तिला दोन्हीकडचं सगळं दिसणार. म्हणून ग्रुप छोटे आणि स्पष्ट ठेवा.

दोन. पूर्ण टेबलवर सिलेक्ट देऊन मग एका कॉलमवरून रिव्होक केलं तर काहीच होत नाही, टेबलची परवानगी वरचढ ठरते. कॉलम लपवायचा तर टेबलची परवानगी काढा आणि हवे ते कॉलम कंसात लिहून ग्रँट करा, किंवा सरळ व्ह्यू वापरा.

तीन. "ग्रँट सिलेक्ट ऑन ऑल टेबल्स इन स्कीमा" ही कमांड आज असलेल्या टेबलांना लागू होते. उद्या नवीन टेबल केलं तर त्याला नाही. त्यासाठी "ऑल्टर डिफॉल्ट प्रिव्हिलेजेस" आहे. तीही ज्या रोलसाठी लिहिली त्याने पुढे केलेल्या टेबलांनाच लागते, सगळ्यांच्या नाही. आणि आपल्या उदाहरणात तर ती वापरूच नका. नवीन टेबल आपोआप सगळ्यांना दिसण्यापेक्षा सुरुवातीला कुणालाच न दिसलेलं बरं.

चार. मालकी. टेबल जो करतो तो त्याचा मालक. सविता मॅडमच्या लॉगिनमधून टेबल तयार झालं असेल तर त्या गेल्यावर त्यांचा रोल काढता येत नाही, डेटाबेस अडून बसतो. आधी "रीअसाइन ओन्ड" करून मालकी दुसऱ्याला द्यायची, मग "ड्रॉप ओन्ड", मग "ड्रॉप रोल". हे टाळायचं तर सगळ्या टेबलांचा मालक म्हणून नोलॉगिनवाला एक वेगळा रोल आधीच करून ठेवा.

पाच. पब्लिक. हा एक अदृश्य ग्रुप आहे आणि प्रत्येक जण त्यात जन्मतःच आहे. १४ पर्यंतच्या आवृत्त्यांत कुणीही पब्लिक स्कीमामध्ये टेबल बनवू शकायचं. २०२२ मध्ये आलेल्या १५ व्या आवृत्तीत ते बंद झालं. पण तुमचा डेटाबेस जुना असेल आणि फक्त अपग्रेड केला असेल, तर ती जुनी मोकळीक तशीच राहते. "रिव्होक क्रिएट ऑन स्कीमा पब्लिक फ्रॉम पब्लिक" म्हणा आणि मोकळे व्हा.

सहा. सुपरयुजर, रोल बनवायची ताकद, डेटाबेस बनवायची ताकद, या गोष्टी ग्रुपमधून आपोआप येत नाहीत. त्यासाठी "सेट रोल" म्हणून ते सोंग मुद्दाम चढवावं लागतं. हे चांगलंच आहे. रोजच्या कामात रावणाचा मुखवटा घालून कुणी हिंडत नाही.

[१४:१०] मायएसक्यूएलवाले, आणि ॲपवाले

मायएसक्यूएलमध्ये रोल आले ते ८.० आवृत्तीत, २०१८ साली. तिथला एक चकवा: ग्रँट करून रोल दिला तरी तो चालू नसतो. म्हणजे मुखवटा हातात दिला, तोंडावर चढवला नाही. माणूस लॉगिन करतो, काही दिसत नाही, आणि मग वैतागून कुणीतरी "ऑल प्रिव्हिलेजेस" देऊन टाकतं. तसं करू नका. "सेट डिफॉल्ट रोल ऑल टू" आणि पुढे युजरचं नाव, एवढं केलं की लॉगिनबरोबर रोल चालू होतो.

दुसरा प्रश्न कॉलेजवाल्यांचा असतो: "ताई, आमचं तर ॲप आहे. ते एकाच युजरने डेटाबेसला जोडतं. मग ग्रुप कशाला?" प्रश्न रास्त आहे. तिथे कोण शिक्षक आणि कोण अधीक्षक हे ॲप ठरवतं. पण ॲपचा तो एक युजर सुपरयुजर ठेवू नका. ॲपला टेबल पाडायची परवानगी कशाला हवी? कोठीचं ॲप वेगळं असेल तर त्याचा युजर कोठी ग्रुपमध्ये टाका. मग ॲपच्या कोडमध्ये भोक राहिलं तरी त्यातून आरोग्याचं टेबल बाहेर येणार नाही. दोन दारं असतील तर एकाची कडी निघाली तरी दुसरं उभं असतं.

[१५:४०] आता करून बघा

घरचा अभ्यास. लॅपटॉप नसेल तरी पहिला भाग वहीत होतो.

तुमच्या शाळेतलं, ग्रामपंचायतीतलं किंवा बचत गटातलं एक रजिस्टर डोळ्यासमोर आणा. डावीकडे कामं लिहा, माणसांची नावं नाही. वर टेबलं लिहा. प्रत्येक चौकोनात ब, भ, द, पु लिहा: बघणं, भरणं, दुरुस्त करणं, पुसणं. जिथे शंका असेल तो चौकोन रिकामा ठेवा. कुणाला खरंच लागलं तर तो येऊन मागेल, तेव्हा देता येतं. दिलेलं काढून घेणं मात्र अवघड जातं, कारण माणसाला वाटतं आपल्यावर अविश्वास दाखवला.

मग पोस्टग्रेसमध्ये तेच उतरवा. "बॅकस्लॅश डी यू" लिहिलं की सगळे रोल दिसतात. "बॅकस्लॅश डी पी" लिहिलं की कुठल्या टेबलवर कुणाला काय परवानगी आहे ते दिसतं. आणि शेवटची तपासणी: सुपरयुजरमधून "सेट रोल सविता" म्हणा, आणि आरोग्य टेबल उघडून बघा. "परमिशन डिनाइड" आलं पाहिजे. लाल अक्षरं दिसली तर घाबरू नका. आज तेच बरोबर उत्तर आहे.

प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन द्यायला आळस करू नका. ग्रुप असल्यावर ते दोन ओळींचं काम आहे, आणि मग नोंद कुणी बदलली हे विचारायला कपाटाच्या दाराकडे बघत बसावं लागत नाही.

पुढच्या एपिसोडमध्ये ओळींच्या पातळीवरची सुरक्षा घेऊ. म्हणजे पाचवीच्या वर्गशिक्षकाला फक्त पाचवीची मुलं दिसावीत, एकाच टेबलमध्ये. पोस्टग्रेसमध्ये ती सोय ९.५ पासून आहे. तोवर वहीतला तक्ता तयार ठेवा, आपण त्याच्यावरच काम करणार आहोत. येते, भेटू!